मोठ्या हॉटेलच्या लॉबीत न बुजता कसं वावरायचं

अपोलो बंदरावर गेटवेकडे पाठ करून उभं राहिलं की समोर ताज दिसतो. रविवारी संध्याकाळी शेकडो माणसं तिथे त्याचे फोटो काढत असतात आणि त्यातली बहुतेक आत कधीच जात नाहीत. ‘आपल्याला कोण सोडतंय आत’ हे मनाशी धरूनच आलेली असतात. मी मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात (ताज नव्हे, दुसऱ्याच) अकरा वर्षं फ्रंट ऑफिसला काढली. नुसतं बघायला आलाय म्हणून कुणाला दारातून परत पाठवल्याचं मला तरी आठवत नाही. काउंटरच्या आतून आम्हाला दिसायचं ते भलतंच. माणूस आत यायचा, दारातच थबकायचा, कुठे बघावं हे कळायचं नाही, मग भिंतीच्या कडेकडेने जाऊन जवळात जवळच्या सोफ्याच्या काठावर टेकायचा, पिशवी मांडीवर घेऊन. माझे सख्खे काका कराडहून मला भेटायला आले तेव्हा हुबेहूब तसेच बसले होते. मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा.

हे बुजणं कपड्यांमुळे येतं, इंग्रजी येत नाही म्हणून येतं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. जागेचा नकाशा डोक्यात नसतो म्हणून ते येतं. परगावच्या देवळात आपण बिनधास्त शिरतो, कारण चपला कुठे काढायच्या, गाभारा कुठे असेल, प्रदक्षिणा कुठून घालायची हे कुणी सांगावं लागत नाही. लॉबीचीही अशीच ठरलेली रचना असते. ती एकदा कळली की मुंबई काय, दिल्ली काय, दुबई काय, सगळीकडे तीच उपयोगी पडते. कुणाला भेटायला, मुलाखतीला, स्थळ बघायला किंवा नुसता एक चहा प्यायला जाणार असाल तर हे क्रमाने वाचा.

आधी जागा नेमकी ठरवा

‘लॉबीत भेटू’ हे वाक्य मोठ्या हॉटेलात पुरत नाही. एकाच हॉटेलचे दोन विंग असतात, दोन दारं असतात, कधी दोन लॉब्या असतात. ताजमध्ये जुनी घुमटाची इमारत म्हणजे पॅलेस विंग आणि शेजारचा उंच मनोरा म्हणजे टॉवर. रोजचा राबता टॉवरच्या खालच्या लॉबीतून चालतो. जुना जिना बघायचा असेल तर तिथून आतल्या आत पॅलेसच्या बाजूला चालत जावं लागतं.

माझ्या मामेबहिणीचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम, म्हणजे हल्ली त्याला ‘कॉफीला भेटणं’ म्हणतात ते, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात ठरला होता. ते हॉटेल उतारावर बांधलेलं. गाडी जिथे थांबते तो मजला वेगळा आणि लिफ्टमध्ये ‘लॉबी’ असं लिहिलेलं बटण दाबल्यावर येतो तो मजला वेगळा. ही खाली बसलेली, मुलगा वर बसलेला. दोघंही चाळीस मिनिटं ‘समोरचा किती बेशिस्त आहे’ असा विचार करत होते. फोन कुणी आधी करायचा हाही मान होताच. लग्न जमलं नाही, पण त्याचं खापर मी लॉबीवर फोडणार नाही.

म्हणून भेट ठरवताना तीन गोष्टी मेसेजमध्ये लिहून टाका: कुठला विंग, कुठला मजला आणि लॉबीतली कुठली खूण. खूण म्हणून हलणारी वस्तू सांगू नका. ‘फुलांपाशी’ हे ठीक, कारण मधल्या टेबलावरची फुलं रोज बदलली तरी टेबल तिथेच असतं. ‘निळ्या सोफ्यापाशी’ हे धोक्याचं. सोफे आम्ही कार्यक्रमाप्रमाणे सरकवायचो.

पोर्च आणि तपासणी

नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांची दारं बदलली. त्याआधी गाडी थेट पोर्चमध्ये यायची, दरवान दार उघडायचा आणि माणूस सरळ आत. आता गाडी आधी फाटकावर थांबते. डिकी उघडून बघतात, लांब दांड्याच्या आरशाने गाडीचं पोट तपासतात, बॉनेटही कधी उघडायला लावतात. रिक्षा-टॅक्सीने आलात तरी हेच. काही हॉटेलांत ओला-उबर आणि काळी-पिवळी वेगळ्या जागी थांबवतात. त्यात कमीपणा काही नाही. पोर्चमध्ये जागा कमी असते आणि वॅलेच्या, म्हणजे हॉटेलचा माणूस नेऊन लावतो त्या, गाड्यांची रांग हलती ठेवायची असते.

पायी आलात तर गाड्यांच्या फाटकातून शिरू नका. पादचाऱ्यांसाठी बाजूला छोटं दार असतं. पुढे बॅग स्कॅनरच्या पट्ट्यावर आणि तुम्ही चौकटीतून. बायकांची तपासणी पडद्याआड बाई करते. मोबाइल, किल्ल्या आधीच बॅगेत टाकल्यात तर मागच्यांचा वेळ वाचतो.

स्कॅनरवर सर्वांत जास्त काय अडकतं माहीत आहे? अडकित्ता. आजी-आजोबांच्या पिशवीत पानाची चंची असते आणि तिच्यात तो असतोच. स्कॅनरच्या पडद्यावर तो मोठा भयंकर दिसतो. त्याखालोखाल फळं कापायची सुरी आणि परगावाहून आलेल्यांच्या सामानातली विळी. वाद घालायचं कारण नाही. वस्तू ठेवून घेतात आणि टोकन देतात. टोकन पाकिटात ठेवा, खिशात सुटं ठेवू नका.

दार

फिरतं दार बघून थबकणारी माणसं मी रोज बघितली. एका कप्प्यात एकाने शिरायचं, दाराच्या वेगाने चालायचं, जोरात ढकलायचं नाही. स्वयंचलित असेल तर हात लावला की ते थांबतं आणि आतले सगळे अडकतात. गुडघे दुखत असतील, हातात बाळ असेल, चाकाची खुर्ची असेल तर फिरत्या दाराच्या शेजारी साधं दार असतंच. तिथे उभं राहा, दरवान उघडेल.

हे फिरतं दार शोभेसाठी आलं असा समज आहे. अमेरिकेत थिओफिलस व्हॅन कॅनेल यांनी १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं ते हवेसाठी. उंच इमारतीत खालचं दार उघडं राहिलं की हवा जोरात आत-बाहेर ओढली जाते. फिरत्या दारात बाहेर आणि आत यांच्यामध्ये कायम एक पाखं आडवं असतं. मुंबईच्या मे महिन्यात बाहेर अंगाला चिकटणारी हवा आणि आत तेवीस-चोवीस अंश, म्हणून हे दार किंवा मग एकामागे एक अशी दोन दारं. दोन दारांच्या मधल्या त्या छोट्या जागेत पायपुसणं जाड असतं. पावसाळ्यात तिथे पाय नीट पुसा. पुढे गुळगुळीत संगमरवर आहे आणि जुलैत दर आठवड्याला कुणी ना कुणी घसरायचंच. छत्रीसाठी लांब प्लास्टिकची पिशवी देणारं यंत्र तिथेच असतं.

आत आल्यावर दहा पावलं चाला, मग थांबा

सगळ्यात उपयोगाचं सांगायचं तर हेच. दारात थांबू नका. दार ही वाहती जागा आहे. मागून ट्रॉली येते, पुढून कुणी विमान गाठायला धावत असतं. दहा पावलं सरळ आत चाला. बहुतेक लॉब्यांत तेवढ्या अंतरावर मध्यभागी एक गोल टेबल आणि त्यावर फुलांची मोठी रचना असते, किंवा पाण्यात पाकळ्या सोडलेली उरळी, म्हणजे पसरट भांडं, असते. ती तुम्ही थांबावं म्हणूनच ठेवलेली असते. फुलं बघायच्या निमित्ताने थांबणारा माणूस हरवलेला दिसत नाही. तिथे उभं राहून सावकाश आजूबाजूला बघा.

रिसेप्शनचा काउंटर दाराच्या अगदी समोर क्वचितच असतो. तो डाव्या किंवा उजव्या हाताला, जरा आत असतो. समोर ठेवला की आत येणाऱ्याला पहिली रांग दिसते आणि रांग बघून कुणाचं मन प्रसन्न होत नाही. समोर दिसायला हवं काहीतरी देखणं: जिना, चित्र, बाग, समुद्र. लिफ्ट काउंटरवरून दिसतील अशा जागी असतात, म्हणजे वर कोण जातंय यावर काउंटरची नजर राहते. कॉफी पिण्याची बैठक, म्हणजे लॉबी लाउंज, खिडकीच्या किंवा बागेच्या बाजूला. प्रसाधनगृह लाउंजच्या मागे, एखादं वळण घेऊन, दारातून थेट दिसणार नाही असं. आणि भिंतीत एखादा दरवाजा भिंतीच्याच रंगाचा असतो, मूठही धड दिसत नाही. तो आमचा. त्याच्या पलीकडे ट्यूबलाइट, स्टीलच्या ट्रॉल्या, हजेरीचं यंत्र आणि भिंतीवर ‘हसा, तुम्ही पाहुण्यांसमोर जात आहात’ अशी पाटी.

मन लावून बघितलंत तर जमीनच वाट दाखवते. संगमरवराचा रंग किंवा नक्षी जिथे बदलते तिथे वाट संपते आणि बैठक सुरू होते. गालिचा अंथरलेला भाग बसायचा, उघडी फरशी चालायची. जुन्या लॉबीत दारापासून काउंटरपर्यंत फरशीचा एक पट्टा किंचित मंद झालेला असतो. कितीही पॉलिश केलं तरी उन्हाची तिरीप आली की तो उठून दिसतो. आमच्याकडे तो पट्टा काउंटरशी येऊन दोन फाट्यांत फुटायचा, एक रिसेप्शनकडे आणि एक कॅशकडे. मला तो फार आवडायचा.

ताजची लॉबी अशा जागी का आहे हे समजायला त्याचा इतिहास थोडा माहीत हवा. जमशेटजी टाटांनी उभारलेलं हे हॉटेल डिसेंबर १९०३मध्ये उघडलं. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. तेव्हा समोर गेटवे नव्हता. तो १९२४ साली पुरा झाला. हॉटेलचं मूळ दार शहराच्या बाजूने होतं आणि समुद्राची झुळूक खोल्यांना मिळायची. ‘हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं’ ही जी गोष्ट मुंबईत प्रत्येक जण सांगतो, ती दंतकथा आहे. त्या मूळ दाराच्या बाजूला आज पोहण्याचा तलाव आहे. पुढे १९७०च्या दशकात ग्रीन्स हॉटेलच्या जागी टॉवर आला आणि राबता तिकडे वळला. म्हणून आज आत शिरल्यावर तो प्रसिद्ध जिना समोर दिसत नाही. तो शोधत जायचा आणि त्याच्या पायथ्याशी उभं राहून वर घुमटाकडे बघायचं.

दुसरी तऱ्हा बघायची असेल तर नरिमन पॉइंटला ओबेरॉयला जा. तिथे लॉबी म्हणजे उंचच उंच मोकळा गाभा आणि खोल्यांचे मजले त्याच्या भोवती. पांढरा संगमरवर आणि लाल पियानो. हॉटेलच्या पोटात असा अनेक मजली चौक सोडायची टूम जगभर पसरली ती अमेरिकेत अटलांटाच्या हयात रीजन्सीपासून. जॉन पोर्टमन यांनी ते १९६७ साली बांधलं, चौक बावीस मजले उंच. आपल्याला यात नवल वाटू नये. वाड्याचा चौक तोच, फक्त वर काच आली आणि तुळशीवृंदावनाच्या जागी पियानो.

कुणाला काय विचारायचं

लॉबीत उभी असलेली सगळी माणसं सारखीच वाटतात. तसं नाही. दरवान फक्त दार उघडत नाही. गाडी, टॅक्सी, पाऊस, बाहेर मोर्चा आहे का, यातलं सगळं त्यालाच आधी कळतं. बेल डेस्क म्हणजे सामान. रिसेप्शन म्हणजे खोली, चावी, बिल. शहरातलं काहीही हवं असेल, नाटकाची तिकिटं, रविवारी उघडा दवाखाना, एलिफंटाची बोट, तर कॉन्सिअर्ज. त्याच्या कोटाच्या दोन्ही बाजूंना फुली मारल्यासारख्या सोन्याच्या दोन किल्ल्या दिसल्या तर तो त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सभासद. तिचं मूळ १९२९ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या संघटनेत आहे आणि या किल्ल्या फार अनुभवानंतर मिळतात. असा माणूस दिसला तर त्याला अवघडातला प्रश्न विचारा. सोपा विचारलात तर तो जरा हिरमुसतो.

तक्रार असेल तर काउंटरवरच्या पोरीवर ओरडू नका. तिच्या हातात काही नसतं. ‘ड्यूटी मॅनेजरशी बोलायचंय’ एवढंच शांतपणे म्हणा. गडद सूट घातलेला, हातात काही नसलेला आणि सतत लॉबीभर नजर फिरवणारा जो माणूस दिसतो तो बहुधा तोच.

आणि बोलायचं मराठीत. दरवान, बेलबॉय, हाउसकीपिंगची माणसं कुठली असतात असं वाटतं? साताऱ्याची, चिपळूणची, मालवणची. माझे काका ज्या दरवानाला बिचकून ‘सर’ म्हणाले तो त्यांच्याच तालुक्यातला निघाला. पुढची दहा मिनिटं दोघं कोयनेच्या पाण्यावर बोलत होते आणि मी तिष्ठत उभी.

बसायचं कुठे

दोन तऱ्हेच्या जागा असतात. एक नुसत्या वाट बघण्याच्या, तिथे काही मागवावं लागत नाही. दुसऱ्या लाउंजच्या, तिथे मागवणं अपेक्षित असतं. ओळखायचं टेबलावरून. टेबल रिकामं किंवा त्यावर फक्त वर्तमानपत्र, तर फुकट. टेबलावर मेनू, साखरेची वाटी, घडी घातलेला नॅपकिन, तर लाउंज. लाउंजमध्ये बसलात आणि वेटर आला, तर ‘कुणाची तरी वाट बघतोय, ते आले की सांगतो’ हे पुरतं. दहा-पंधरा मिनिटं कुणी काही म्हणत नाही. तासभर काढायचा असेल तर निदान एक चहा घ्यावा, हे माझं मत.

सोफा निवडताना देखणेपणावर जाऊ नका. लॉबीतले खोल, बुटके सोफे फोटोसाठी असतात. म्हाताऱ्या माणसाला त्यात बसवलं की उठवायला दोघं लागतात. वडीलधारे बरोबर असतील तर हातांची ताठ खुर्ची शोधा, बहुतेक वेळा ती भिंतीलगत किंवा खांबापाशी असते. मुलाखतीला आलात तरी तीच बरी. समोरचा आला की झटकन उभं राहता येतं, खोल सोफ्यातून धडपडत वर यावं लागत नाही. पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. वर एसीची जाळी आहे का तेवढं बघा. आमच्याकडे एका खुर्चीवर थेट गार झोत यायचा आणि तिथे बसलेला माणूस पाच मिनिटांत उठायचा. तक्रारी आल्या, पण खुर्ची काही हलली नाही. का ते मला निवृत्त होणाऱ्या लॉबी मॅनेजरने निघतानाच्या दिवशी सांगितलं: ती काउंटरच्या फार जवळ होती आणि तिथे कुणी फार वेळ बसावं अशी त्यांची इच्छाच नव्हती.

हवा, उजेड, वास, आवाज

लॉबीत शिरल्यावर जे ‘काहीतरी’ वाटतं ते आपोआप घडत नाही. त्यामागे वेळापत्रक असतं.

उजेड पिवळसर असतो, साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे जुन्या बल्बसारखा. दिवसभरात तो बदलतो. सकाळी खिडकीच्या उन्हाला जोड म्हणून जास्त, संध्याकाळी सहानंतर हळूहळू कमी, आणि रात्री अकरानंतर टेबलावरचे दिवे तेवढे उठून दिसावेत इतका. हे इतकं सावकाश होतं की बसलेल्याला कळतच नाही. माणसं मात्र आपसूक हळू बोलायला लागतात. ज्या हॉटेलात रात्री दहालाही पांढरा लख्ख उजेड असतो तिथे कर्मचारी दमलेले असतात, हा माझा ठोकताळा आहे.

वास दोन प्रकारचा. काही साखळ्या एकच सुगंध एसीच्या वाहिन्यांतून जगभर सोडतात. वेस्टिनचा पांढऱ्या चहाचा वास त्यामुळे कुठेही ओळखता येतो. दुसरा खऱ्या फुलांचा. आमच्याकडे निशिगंध असायचा. पहाटे दादरच्या फूलबाजारातून यायचा. ज्या दिवशी तो मिळायचा नाही त्या दिवशी नेहमीचे पाहुणे काउंटरवर येऊन विचारायचे, ‘आज काही वेगळं आहे का?’ नेमकं काय ते त्यांना सांगता यायचं नाही.

आवाजाचं गणित सगळ्यात अवघड. उंच छत, दगडी जमीन, काचेच्या भिंती, म्हणजे प्रत्येक टाचेचा आवाज घुमणार. म्हणून गालिचे, जाड पडदे आणि कुठेतरी वाहतं पाणी. कारंज्याची ती सततची खळखळ शेजारच्या टेबलावरचं बोलणं झाकते. खाजगी काही बोलायचं असेल तर पाण्याजवळ बसा. फोनवर बोलायचं असेल तर पाण्यापासून लांब.

घड्याळाप्रमाणे लॉबीचा स्वभाव बदलतो आणि भेटीची वेळ त्यावर ठरवावी. सकाळी अकरा ते बारा चेक-आउटची झुंबड. दुपारी दोन-तीनला चेक-इनची. लग्नसराईत संध्याकाळी सातनंतर शालू, अत्तर आणि हरवलेली पोरं. शांत वेळ म्हणाल तर दुपारी चार ते सहा. ताजच्या पॅलेसमध्ये पहिल्या मजल्यावर सी लाउंज आहे, खिडकीतून गेटवे आणि बोटी दिसतात. दुपारच्या चहाला लोक आधी टेबल राखून जातात, तसंच जावं.

पण मला विचाराल तर लॉबी बघावी रात्री तीनला. मुंबईत परदेशी विमानांची ये-जा बरीचशी रात्रीची, त्यामुळे ती वेळ ना रिकामी ना भरलेली. विमानातला कर्मचारीवर्ग एकसारख्या बॅगा ओढत रांगेने येतो, कुणी कुणाशी बोलत नाही. एका कोपऱ्यात पिवळी पाटी लावून फरशी घासायचं यंत्र गोल गोल फिरत असतं. एक पोरगा दाराच्या पितळी मुठी ब्रासो लावून घासत असतो, आपलाच चेहरा दिसेपर्यंत. काउंटरमागे नाइट ऑडिटचा माणूस दिवसाचा हिशेब बंद करतो आणि तारीख बदलतो. तोवर हॉटेलात ‘काल’च चालू असतो.

बिल, फोटो, प्रसाधनगृह

लाउंजमधला चहा शंभर रुपयांत होत नाही, आकडा चांगलाच चढा असतो, म्हणून मेनू मागा आणि किंमत बघूनच सांगा. त्यात संकोच कसला? दुसऱ्याला बोलावलं असेल तर त्याच्या चहासकट हिशेब धरा. मोठ्या हॉटेलांत खाण्यापिण्यावर १८ टक्के जीएसटी वर लागतो. सेवा शुल्क मात्र तुमच्या मर्जीवर आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. बिलात दिसलं आणि द्यायचं नसेल तर काढायला सांगा, आवाज न चढवता.

प्रसाधनगृह वापरायला खोली घेतलेली असावी लागत नाही. कुठे आहे ते बेल डेस्कला विचारा आणि जा. फोटो स्वतःचे काढा, बसलेल्या इतरांचे नकोत. ताजच्या लॉबीत २००८च्या हल्ल्यात तिथे मारल्या गेलेल्या ३१ जणांची नावं लिहिलेलं स्मारक आहे. त्याच्यापुढे सेल्फी काढणारे मी बघितले आहेत. क्षणभर थांबा, नावं वाचा, पुढे चला.

वर राहणाऱ्या पाहुण्याला भेटायचं असेल तर

‘अमुक साहेब कुठल्या खोलीत आहेत?’ असं रिसेप्शनला विचारलंत तर उत्तर मिळणार नाही आणि मिळू नये. सख्खा भाऊ असलात तरी नाही. नाव सांगा, ‘फोन जोडून द्या’ म्हणा. ते खोलीत फोन लावतील, पाहुणा स्वतः खोली सांगेल किंवा खाली येईल. लिफ्टला बहुतेक ठिकाणी चावीचं कार्ड लागतं, त्यामुळे तसंही एकट्याने वर जाता येत नाही. वर जायचं असेल तर ओळखपत्र दाखवून नोंद करावी लागते.

तुम्हीच मुक्कामाला असाल तर आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, प्रत्येक मोठ्या माणसाचं एकेक, मूळ प्रत हातात ठेवा. पॅन कार्ड चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. परदेशी पासपोर्टवाला नातेवाईक बरोबर असेल तर त्याचा पासपोर्ट आणि व्हिसा काउंटरवर मागतात, कारण चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवणं हॉटेलला बंधनकारक आहे. तेव्हा ‘आमच्यावर संशय घेता का’ म्हणून चिडू नका. लवकर पोहोचलात आणि खोली तयार नसेल तर सामान बेल डेस्कला द्या, पावती घ्या आणि फिरून या. चेक-आउटनंतर रात्रीचं विमान असेल तेव्हाही हेच. लोक उगाच बॅगांवर पाय ठेवून लॉबीत सहा तास काढतात.

निघताना

टॅक्सी दरवानाला सांगा, कुठे जायचं तेही सांगा. बेलबॉयने सामान उचललं असेल तर काही हातावर ठेवावं; दार उघडलं म्हणून द्यायलाच हवं असं नाही, त्याला ‘येतो हं’ म्हटलं तरी पोहोचतं.

आणि टोकन. माझे काका त्या दिवशी लाडू देऊन, दोन कप चहा पिऊन, दरवानाला गावाकडे यायचं आवतण देऊन गेले. दादरला गाडी सुटायच्या आत त्यांचा फोन आला. अडकित्ता स्कॅनरवरच राहिला होता. तो आमच्या हरवलं-सापडलंच्या रजिस्टरमध्ये चढला: ‘सुपारी कापायचं लोखंडी साधन, एक, जुनं.’ मी सही करून सोडवून घेतला आणि दिवाळीला कराडला गेले तेव्हा पोहोचता केला. तोवर काकांनी नवा घेतला होता, पण तो धड चालत नव्हता.